उटण्यानं पुसलेल्या रेघा

आप्पा,

माझ्या पोटावरच्या आणि कुशीवरच्या जांभळ्या रेघा अजून पुरत्या गेलेल्या नाहीत. आज सकाळी आंघोळीला बसले तेव्हा डाव्या कुशीवरची एक फुली पुसट दिसत होती. बोटानं चोळली असती तर गेली असती. मी चोळली नाही. पाणी आपोआप जेवढं नेईल तेवढं नेऊ दे, म्हणून तशीच उठले.

तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही, कारण तुम्हाला जाऊन आता पंचवीस वर्षं होत आली. तुम्ही गेल्यानंतर खूप वर्षांनी माझ्या छातीत गाठ निघाली, ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, परत आले, कुरळे होऊन आले. तुम्ही पाहिले असते तर हसला असता. मंचरच्या शाळेतून मी निवृत्त झाले, आणि वाटलं की ते संपलं. यंदा उन्हाळ्यात कंबर दुखायला लागली. आधी वाटलं वय झालं, मग वाटलं गादी बदलावी. शेवटी तुमच्या जावयांनी ऐकलं नाही, पुण्याला नेलं. तेच दुखणं हाडात उतरलंय म्हणाले. कमरेचे दोन मणके आणि डाव्या बाजूचं खुब्याचं हाड. डॉक्टर वयस्कर आहेत, सरळ बोलतात. म्हणाले, बाई, किरणांनी हे बरं होणार नाही, पण दुखणं उतरेल आणि हाड मोडायची भीती कमी होईल. पाच दिवस यायचं. मला ते सरळ बोलणं आवडलं. तुमच्या तालमीत वाढलेल्या माणसाला आवडायचंच.

पहिल्या दिवशी नुसती मोजणी असते. एका कडक टेबलावर उताणं झोपवतात आणि अंगावर रेघा काढतात, म्हणजे रोज किरण त्याच जागी पडावेत. रेघा काढणारी बाई आळेफाट्याकडची निघाली. गोल चेहऱ्याची, तिशी-पस्तिशीची, तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. "काकू, हलायचं नाही हं. उद्यापासून मशीन तुमच्याभोवती प्रदक्षिणा घालणार. तुम्ही आपलं देवीसारखं पडून राहायचं, काही मागितलं तर हूं म्हणायचं नाही." मी हसले तर ओरडली, "हसायचं पण नाही! रेघ वाकडी झाली ना." मग पेनचं टोपण लावता लावता, रोज शंभरदा म्हणत असेल तशा सुरात, ती म्हणाली, "आणि या रेघा धुवायच्या नाहीत. साबण नाही, तेल नाही, चोळायचं तर अजिबात नाही."

मी तिथे पडले होते, वर पांढरं छत होतं, आणि मला आईची पाठ दिसली.

ती दिवाळी तुम्हाला आठवत असणारच. मी बारा वर्षांची, पुण्याच्या कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमधून सुट्टीला घरी आलेली. आईची पाठ दुखते एवढंच मला माहीत होतं. तुम्ही तिला पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं होतंत, मणक्यावर विजेचा शेक सुरू केला होता, दहा दिवस द्यायचा होता, त्यातले दोन झाले आणि दिवाळीसाठी तो विभाग बंद झाला म्हणून तुम्ही दोघं घरी आलात. एवढं मला नंतर कळलं. तेव्हा दिसलं ते इतकंच, की आई दोन दिवस कण्हतेय आणि तुम्ही अंगणात येरझाऱ्या घालताय. मी तुम्हाला कधी येरझाऱ्या घालताना पाहिलं नव्हतं.

नरक चतुर्दशीची पहाट आहे. चुलवणावर हंडा उकळतोय. आई पाटावर बसू शकत नाही म्हणून न्हाणीत लाकडी स्टूल ठेवलंय आणि ती भिंतीला दोन्ही हात टेकून, माझ्याकडे पाठ करून बसलीय. मी हट्ट केलाय की यंदा उटणं मी लावणार. दुधात कालवलेलं उटणं माझ्या हातात आहे, आणि तिची पाठ उघडी करते तर तिच्यावर जांभळ्या-लाल रेघांचा चौकोन. आमच्या बोर्डिंगमध्ये फोडांवर, जखमांवर सिस्टर असलंच जांभळं औषध लावायच्या. जखम बरी झाली की डाग घासून काढायला लावायच्या. दर शनिवारी आमची मान, कोपरं, गुडघे तपासले जायचे, डाग दिसला की परत न्हाणीत. मला वाटलं, औषधाचा जुना डाग असेल. आई म्हणाली, "तिथं राहू दे गं. त्यांनी काय तरी काढलंय." मी म्हटलं, "आई, किती घाण दिसतंय! दिवाळीला कुणी असं राहतं का?" आणि चोळायला लागले. तेवढ्यात तुम्ही गरम पाण्याची बादली घेऊन दारात आलात. वाफेत तुमचे पाय आणि धोतराचा काठ तेवढा मला दिसत होता. तुम्ही तसेच उभे राहिलात, बादली खाली ठेवली आणि म्हणालात, "चोळ चांगली."

मी चांगली चोळली. आई म्हणाली, "पोरीच्या हाताला लई जोर आलाय शाळंत." मला केवढा अभिमान वाटला होता त्याचा.

ते सगळं त्या टेबलावर एकदम अंगावर आलं. म्हणजे त्या रेघा होत्या. म्हणजे मी त्या पुसल्या. मी त्या बाईला विचारलं, शक्य तितक्या साध्या आवाजात, की समजा कुणाच्या पुसल्याच तर काय होतं? ती खो खो हसली. "काकू, कितीतरी जणांच्या पुसतात! घाम असतो, उन्हाळा असतो. मागे एक आजोबा मधल्या सुट्टीत भीमाशंकरला जाऊन कुंडात डुबकी मारून आले. मी म्हटलं, आजोबा, देव पावला पण माझी मेहनत गेली की वाहून. परत काढल्या. फार तर एखादा फोटो परत काढावा लागतो. त्यात काय एवढं?" माझं समाधान होईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, जुन्या काळीही असंच होतं का. ते म्हणाले, "जुन्या कोबाल्टच्या मशीनच्या वेळी तर रोजच पुसट व्हायच्या. मीच काढल्यात किती तरी. रेघा गेल्या म्हणून कुणाला परत पाठवलंय असं मी तरी पाहिलं नाही."

मी सुटकेचा श्वास सोडला, आप्पा. खरंच सोडला. घरी येताना गाडीत तुमच्या जावयांना म्हटलं, आज चाकणला थांबून चहा घेऊ. एक दिवसभर मी अशी हलकी होते, बारा वर्षांच्या मुलीला न मागता माफी मिळाल्यासारखी.

मग मनात आलं, की रेघा परत काढता येत होत्या तर आई परत का गेली नाही?

हे मी कधी विचारलंच नव्हतं. कारण घरात त्याचं बोलणंच नव्हतं. आणि तुमच्याबद्दल शंका घ्यायची मला सवय नव्हती. अख्ख्या बेल्ह्याच्या बैलबाजाराला नव्हती. माणसं दोन तालुके ओलांडून यायची, म्हणायची, बैल कुणाचाही घ्या, पण आप्पांना दाखवून घ्या. जनावराची खोड लपवायची नाही, ती आपल्या तोंडानं आधी सांगायची आणि मगच सौद्याला हात घालायचा, हा तुमचा नेम. मी आठ वर्षांची असेन. अंगणात पाहुणे बसलेत, खिल्लारी बैल बघताहेत. तो दिसायला राजा, पण ऊन चढलं की जू टाकून बसायचा. पाहुण्यांनी मला गंमतीनं विचारलं, "काय गं पोरी, बसतो का बैल?" मी तुम्हाला मदत करायची म्हणून म्हटलं, "कधीच नाही." तुम्ही चिलीम खाली ठेवली. "पावणं, पोरगी खोटं बोलती. बैल उनाचा बसतो. घ्यायचा तर ते धरून घ्या, नायतर चहा पिऊन निगा." आणि मला अंगणाच्या मधोमध उभं करून म्हणायला लावलंत, "म्हण, बैल बसतो." मी रडत रडत म्हटलं. पाहुण्यांनी बैल घेतला. गेल्यावर तुम्ही मला मांडीवर घेतलंत आणि म्हणालात, "खोड आपली आसली तर आपणच सांगायची, बाय. दुसऱ्याच्या तोंडी ती लई वंगाळ दिसती."

आणि बोर्डिंगच्या पार्लरमधला, म्हणजे पालकांना भेटायच्या खोलीतला, तो दिवस. तुम्ही धोतर-फेट्यात, वेताच्या खुर्चीच्या अगदी कडेला, फेटा काढावा की राहू द्यावा या विचारात. मला तुमची लाज वाटत होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण तुम्हाला कळलं असणार. मोठ्या सिस्टरना बोर्डिंगच्या दुधासाठी गाय घ्यायची होती. तुम्ही बैलांतले जाणकार आहात हे कळल्यावर त्या तुम्हाला मागच्या गोठ्यात घेऊन गेल्या. विकणारा तिथेच उभा. तुम्ही गाईच्या दातांवरून हात फिरवलात, कास चाचपलीत आणि म्हणालात, "सिस्टर, गाय गुणाची हाय, पर डाव्या अंगाचा मागला सड बंद हाय. ह्यानं सांगितलं का तुमाला?" त्या माणसाचा चेहरा पडला. मोठ्या सिस्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, की तुझे वडील फार प्रामाणिक गृहस्थ आहेत. त्या एका वाक्यावर मी शाळेची उरलेली वर्षं काढली. कुणी तुमच्या फेट्याला हसलं की मी ते वाक्य मनातल्या मनात म्हणायची.

म्हणून मला वाटलं, तुमच्यापाशी काहीतरी कारण असणार. मला ते माझ्याच अंगावर सापडलं. तिसऱ्या बैठकीनंतर माझं दुखणं वाढलं. डॉक्टरांनी आधी बजावलं होतं, काहींना पहिले दोन-तीन दिवस जास्त दुखतं, घाबरायचं नाही, या गोळ्या घ्या. गोळ्या होत्या, समजावणारं माणूस होतं, तरी मी पलंगाची कड धरून कण्हत होते आणि तुमचे जावई दारात उभे होते, अगदी तुमच्यासारखे, काय करावं न कळणारे. ते म्हणाले, "उद्या नको जाऊया. बघ काय हाल झालेत तुझे." तेव्हा मला कळलं, आप्पा. त्या दिवाळीला तुम्ही काय पाहिलं ते. चांगल्या बाईला पुण्याला नेलं, दोन शेक दिले आणि ती आधीपेक्षा जास्त ओरडायला लागली. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, किंवा सांगितलं असेल पण ते पुण्याच्या भाषेत, घाईघाईत, एखाद्या दारात. दुखण्यावर तापल्या लोखंडाचा चुकीचा डाग दिलेलं जनावर कसं होतं ते तुम्ही आयुष्यभर पाहिलेलं. तुम्हाला वाटलं असणार, हे लोक हिला मारताहेत. तुम्ही तिला वाचवत होतात. मी तुमच्या जावयांना म्हटलं, "काही झालं तरी उद्या मला घेऊन चला." ते घेऊन गेले.

आणि दुखणं उतरलं. एकदम नाही. पाचवी बैठक होऊन दोनेक आठवडे झाले असतील. मी ओट्यापाशी चहा करत होते. आलं किसलं, दूध घातलं, चहा वर येईपर्यंत उभी राहिले, गाळला, आणि मग लक्षात आलं की मी ओटा धरलेला नव्हता. मे महिन्यापासून पहिल्यांदा. मी कप हातात घेऊन तिथेच उभी राहिले आणि मला रडू आलं ते आनंदाचं होतं, निदान पहिला मिनिटभर. मग आई आठवली, खाटेवर, गुडघे पोटाशी घेऊन, या कुशीवरून त्या कुशीवर व्हायचं तरी दोन बायका लागणारी. पुढचे सहा महिने. तिला हे मिळालं असतं. ती जगली नसती, ते मला ठाऊक आहे. पण ती उभी राहून चहा गाळू शकली असती.

तरीही मी तुमच्यावर रागावले नव्हते. मला फक्त कुणाकडून तरी ऐकायचं होतं. म्हणून गेल्या आठवड्यात ओतूरला आत्याकडे गेले. आत्या आता नव्वदीच्या पुढे आहे. दिसत जवळजवळ नाही, ऐकू मात्र लख्ख येतं. सुनेनं फोनवर काय म्हटलं ते ती दोन खोल्यांवरून ऐकते. मला बघून, म्हणजे माझा आवाज ऐकून, तिचं सुरू झालं. "आली का मास्तरीण! जावाय कुटंय? बाहीरच बसला आसंल, मोबाईलमंदी तोंड घालून. ये, हितं बस. वाळलीस गं." मी म्हटलं, "आत्या, वाळलेली तुला कशी दिसले?" "हाताला लागती की मनगटाची हाडं! मला काय येडी समजती?" मग मी तिला सांगितलं, की मला काय झालंय, आणि मी पुण्याला जाऊन किरण घेतले. माझं मनगट तिनं सोडलं नव्हतं.

"वैनीला झालं व्हतं तेच?"

"तेच."

"तुझ्या पाठीवं बी रेघा काढल्या?"

मी म्हटलं, "पोटावर काढल्या. आत्या, तुला रेघा कशा माहीत?"

"न्हाई माहीत हुयाला काय झालं? समद्या घराला माहीत व्हतं." ती अशी बोलली, जसं आपण कुणाच्या तरी लग्नाच्या वर्षाबद्दल बोलतो. "भाऊबीज झाली, तू शाळंला गेलीस. दुसऱ्या दिशी दादा एकलाच पुण्याला गेला आन् सांजच्याला आला. म्हणला, डाक्टरनी न्हाई म्हणून सांगितलं. रेघा पुसल्या, आता शेक कुटं द्यायचा ते कळत न्हाई, मशीन दुसरीकडं लागलं तर जीव जाईल. पोरीनं पुसल्या, तिला बिचारीला काय म्हाईत, म्हणला. आन् पोरीला यातलं अक्षर कळता कामा नये, अशी आन घातली आमाला. वैनीला बी."

"आईला पण असंच सांगितलं?"

"मंग काय येगळं सांगायचं? वैनी रडली न्हाई. म्हणली, पोरगी हाय, तिला न्हाई कळलं. येवडंच."

आप्पा, मी तुमच्या बहिणीच्या ओसरीवर बसले होते. समोर लाकडी पलंग, टीव्हीवर कुणाचं तरी हिंदीत लग्न मोडत होतं. तुम्ही खरोखर पुण्याला गेला होतात की दिवसभर कुठे दुसरीकडे बसून आलात, तेही मला आता माहीत नाही.

पुढे उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर मी घरी आले होते. आई खाटेवर होती. मी तिच्या कमरेखाली हात घालून दाबून द्यायला गेले, तर तिनं माझा हात हळूच काढून बाजूला ठेवला. "तू नको बाय. आत्याला हाक मार." रोज. पाणी मी आणलं तर प्यायची, वेणी मला घालू द्यायची, पण पाठीला हात लावू द्यायची नाही. मी आयुष्यभर त्याचा अर्थ असा लावला, की मी इंग्रजी शिकले, काट्या-चमच्यानं जेवायला शिकले आणि आईला परकी झाले. त्या शाळेला मी मनातून किती वर्षं दोष दिला. माझ्या मुलांना म्हणून मी मराठी शाळेत घातलं. ती वैशाखात गेली, माझा हात तिच्या पाठीला न लागता. तुम्ही न्हाणीच्या दारात "चोळ चांगली" म्हणालात ते तिनंही ऐकलं होतं. तिला वाटलं असेल, रेघा पुसायच्या नसतात हे बिचाऱ्याच्या लक्षात राहिलं नाही. तिनं आपल्या दोघांना माफ केलं असेल, मला अजाणतेपणाबद्दल आणि तुम्हाला विसरभोळेपणाबद्दल. तुम्ही विसरला नव्हतात. वाफेत उभे राहून तुम्ही त्या रेघांकडे बघितलंत, आणि तुम्हाला सुटायची वाट दिसली, आणि ती माझ्या हातात होती.

दहाव्याच्या दिवशी नदीवर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला होतात, "बाय, तुझा काय दोष न्हाई." मी तेव्हा तुमच्याकडे वर बघितलं होतं. मला नवल वाटलं होतं, कारण माझा दोष आहे असं कुणी म्हटलंच नव्हतं. मी समजले, दुःखात माणूस काहीही बोलतो. पुढे तुम्ही दुसरं लग्न केलं नाहीत. मला कॉलेजला घातलंत, मी म्हणेन ती साडी, मी म्हणेन तो मुलगा. आपल्या घरात पुन्हा उटणं आलं नाही आणि दिवाळीच्या पहाटे तुम्ही मळ्यात निघून जायचात. गावात म्हणायचे, बायकोवर काय जीव होता. मीही म्हणायचे. आता यातली एकेक गोष्ट मला हातात घेऊन दात तपासावेसे वाटतात. ती साडी मला दिली होतीत की तिला? माझ्यावर एवढा जीव होता, की मला बघितलं की तुम्हाला ते आठवायचं?

तुम्ही शेक थांबवलात, ते मी समजू शकते. माझं स्वतःचं माणूस दारात उभं राहून तेच म्हणालं. तुम्ही तेव्हा घरात येऊन म्हणाला असतात, "मला हिचे हाल बघवत न्हाईत, मी न्हाई नेणार," तर आत्या भांडली असती, मामा आले असते, आई कदाचित म्हणाली असती की मला न्या. किंवा म्हणाली असती, राहू द्या. निदान तिला विचारलं गेलं असतं. ती खोड तुमची होती. तुम्ही ती माझ्या नावावर खपवलीत, आणि वर सगळ्यांना शपथ घातलीत की मला कळू देऊ नका, म्हणजे मला नाही म्हणायचीही सोय राहिली नाही. पन्नास वर्षं होत आली. आपल्या भावकीत प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला मी गेले, हसले, वाढलं, आणि माझ्याकडे बघणारी प्रत्येक म्हातारी मनात म्हणत असणार, हीच ती, हिला माहीत नाही बिचारीला. त्या सगळ्या माझ्याशी किती प्रेमानं वागायच्या! मला वाटायचं, आईविना पोर म्हणून.

मी हे पत्र तुमच्यासाठी लिहायला घेतलं असं म्हणते खरं, पण ते आत्याला वाचून दाखवायचं, हा माझा बेत होता. तुम्हाला ओळखणारं जिवंत माणूस आता तेवढंच उरलंय. सगळं नीट, क्रमानं लिहून न्यायचं, तिच्या शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं, आणि मग भावकीला काय सांगायचं ते तिनं सांगावं. परवा फोनवर तिला म्हटलंही, की मी पुन्हा येणार आहे. "ये की! आन् जावायाला आत आण या येळंला."

मी जाईन, पण हे कागद नेणार नाही. तुमची अब्रू राखायची म्हणून नाही. आत्याचं वय झालंय म्हणूनही नाही. ती हे ऐकून मरणार नाही, ती मला आणि तुम्हाला, दोघांना शिव्या देईल आणि चहा मागेल.

खरी गोष्ट अशी, की त्या दिवशी आपलं सगळं सांगून झाल्यावर आत्यानं मला जवळ ओढलं. माझ्या कमरेवर, बरोबर दुखऱ्या मणक्यांवर, तिनं आपला सुरकुतलेला हात ठेवला आणि वरून खाली फिरवायला लागली, आपल्याकडे बाळंतिणीला फिरवतात तसा. "मनाला लावून घिऊ नको, पोरी. लेकरू व्हतीस तू. वैनीनं तवाच माफ केलं तुला. आमी बी केलं." रेघा परत काढता येतात, एवढं एक वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते बोलले असते तर तिचा हात थांबला असता. आई गेल्यापासून त्या जागी आपल्या घरातल्या कुणाचा हात लागला नव्हता. मी डोळे मिटले आणि म्हटलं, "हो आत्या. चुकलं माझं."